सोलापुरात गाडीतच राहायचं म्हणता? मग आधी गाडी उभी कुठे करणार ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे 29 वर्षांचे, एकटे, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. हातात पगार 19,000. जुळे सोलापुरात एक खोली-किचनला 6,500 भाडं देतात. मालकाने आता 8,000 मागितलेत आणि वर 50,000 डिपॉझिट. आई मोहोळ तालुक्यात गावी. 2013 ची एक ट्रॅव्हलर मिनीबस साडेतीन लाखाला मिळतेय, दोन लाख साठवलेले आहेत, दीड लाख फायनान्सवर काढायचे. सीट काढून आत पलंग-ओटा करून तिच्यातच राहिलं तर भाडं सुटेल का, आणि सोलापुरात हे जमतं का?

मी अक्कलकोट रोडला गेली तीस वर्षं गाड्यांच्या बॉडी बांधतो. 407, छोटा हत्ती, पिकअप, शाळेच्या बस, वडापावच्या गाड्या, आणि अलीकडे दोन-तीन हौशी लोकांच्या फिरायच्या गाड्यापण. पण उत्तर देतोय ते त्या जोरावर नाही. 2014 ते 2016 मी स्वतः 26 महिने एका 407 च्या बंद बॉडीत राहिलो. एका मोठ्या गिऱ्हाईकाने सात गाड्यांचे पैसे बुडवले, घर विकून उधारी भागवली, बायको-मुलगी बार्शीला माहेरी गेली आणि मी गाडीत. तुम्ही लिहिलंय की हा मार्ग 'निवडायचा' विचार आहे. माझ्याबाबतीत तो शब्द वापरायला अजून जीभ रेटत नाही.

आधी हिशेब. दीड लाखाचं कर्ज सोळा टक्क्यांनी 36 महिने धरलं तर हप्ता सव्वापाच हजारांच्या घरात जातो. विमा, पासिंग, टॅक्स, पीयूसी आणि जुन्या गाडीची किरकोळ कामं यासाठी महिन्याला दोन हजार बाजूला टाकाच. म्हणजे भाड्याएवढे पैसे इथेच गेले, अजून गाडी जागची हललेली नाही. हलवलीत तर? तुम्हाला कारखाना जाऊन-येऊन 35 किलोमीटर. जुनी ट्रॅव्हलर लिटरला दहा देईल. रोज साडेतीन लिटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 91 लिटर डिझेल. नव्वदच्या भावाने धरा, आठ हजारांच्या वर. मालक मागतोय तेवढेच! गाडी उभी ठेवून मोटरसायकलने गेलात तर पेट्रोलचे दोन हजारांत भागेल, पण मग तुमचं सगळं घर दिवसभर कुठेतरी एकटं उभं असणार. कपडे, भांडी, बॅटरी, कागदपत्रं, सगळं. बॅटरी तर पहिल्या आठवड्यात चोरीला जाते. माझी गेली.

म्हणून गाडी कोणती, पलंग कसा, सोलर किती वॅटचं हे सगळं नंतर. पहिला प्रश्न जागेचा. लोक अमेरिकेतले व्हिडिओ बघून माझ्याकडे येतात. तिकडे सरकारी मोकळ्या जमिनी आहेत, बऱ्याच ठिकाणी एका जागी 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो, मग पुढे सरकायचं. आणि तिकडेही शहरात हाल आहेतच. उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करायला हरकत नाही असा निकाल त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या जूनमध्ये दिला. आपल्याकडे महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, पण नावातच पर्यटन आहे. सात रस्त्याला गाडी लावून कायमचं राहणाऱ्यासाठी ते नाही.

मग सोलापुरात गाडी उभी राहते कुठे? पुणे रोड आणि हैदराबाद रोडच्या ढाब्यांवर रात्री ट्रकवाले झोपतात, तिथे जेवण घेतलं तर कोणी हटकत नाही. पण सलग आठ दिवस तीच गाडी दिसली की ढाबेवाला विचारतो, आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय शेजारी रेफ्रिजरेटरचा कंटेनर लागला तर रात्रभर त्याची मोटर घरघरत असते. पेट्रोल पंपावर एखाद-दुसरी रात्र. वस्तीतल्या गल्लीत लावू नका; दोन दिवसांत कोणीतरी चौकीला फोन करतं. रात्री दोनला काचेवर काठी वाजते, टॉर्च डोळ्यांवर येतो आणि 'इथं का झोपला?' याला तुमच्याकडे उत्तर नसतं. आरसी, लायसन्स, आधार आणि कंपनीचं ओळखपत्र उशाशी ठेवायचं. त्याहून बरं म्हणजे जिथे मुक्काम आहे तिथल्या चौकीत दिवसाउजेडी स्वतः जाऊन नाव सांगून यायचं. मी हे उशिरा केलं, केल्यावर त्रास निम्म्याने कमी झाला. पत्ता नसलेल्या माणसाकडे संशयाने बघायची सवय या गावाला जुनी आहे. आपल्या सेटलमेंट वसाहतीत इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला. कायदा गेला, नजर अजून थोडी राहिलीय.

मला जी जागा मिळाली ती एका लाकडाच्या वखारीत. वखारवाल्याला रात्री राखण करणारा माणूस हवा होता, मला सावली, एक नळ आणि कुलूप लागणारं फाटक हवं होतं. भाडं नाही, पगार नाही. कडुनिंबाखाली गाडी. गाडीत राहायचं तर असाच सौदा शोधा. गोडाऊन, वीटभट्टी, बांधकामाची साइट, द्राक्षबाग, जिथे तुमचं तिथे असणं समोरच्याला उपयोगाचं आहे. 22 महिने तिथे निघाले. मग मालकाच्या मुलाने प्लॉट विकला आणि शुक्रवारी सांगितलं, रविवारपर्यंत निघा. भाड्याच्या खोलीला निदान 11 महिन्यांचा नोंदवलेला करार असतो. गाडीवाल्याच्या हातात काहीच नसतं. तुमच्या मालकाने करार नोंदवलाय का, तेही एकदा बघा. भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी त्याची आहे, आणि मुदत शिल्लक असेल तर मधेच भाडं वाढवायला करारात तसं लिहिलेलं असावं लागतं.

आता उन्हाळा. इथे जरा थांबतो, कारण सोलापुरात गाडीतलं राहणं मोडतं ते इथेच.

आपलं जुनं माळवदाचं घर आठवा. वर लाकूड, त्यावर हातभर माती. बाहेर 43 असलं तरी आत दुपारी झोप लागते. गाडी म्हणजे नेमकं त्याच्या उलट. एक मिलिमीटरचा पत्रा, चारी बाजूंनी. मे 2016 मध्ये मी भिंतीवर लावायचं थर्मामीटर आत अडकवलं होतं. दुपारी तीनला 51. स्टीलच्या तांब्याला हात लावला तर चटका, खोबरेल तेल पाण्यासारखं पातळ, आणि मेणबत्ती कपाटात वाकून झोपलेली. त्याहून वाईट रात्र. पत्रा संध्याकाळी आठपर्यंत निवतो, पण आतलं प्लायवूड आणि गादी दिवसभराची ऊब धरून बसतात. अकरा वाजताही गादीवर हात ठेवला की तव्यावरून नुकतीच उतरवल्यासारखी. दार उघडं ठेवावं तर डास आणि चोर, बंद ठेवावं तर श्वास कोंडतो. मी शेवटी टपावर झोपायला लागलो. म्हणजे घर म्हणून घेतलेल्या गाडीच्या आत नाही, तर वर!

त्यावर उपाय आहेत, मी नंतर गिऱ्हाइकांना करून दिलेत. टपाला पांढरा रंग, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त गुणाचा. टपाच्या आतून नायट्राइल फोम, नुसतं थर्मोकोल नको. ते जाळ लगेच पकडतं. पण खरा फरक पडतो तो दुहेरी टपाने. आपल्याकडे डाळिंबवाले जी शेडनेट वापरतात तीच पाइपच्या सांगाड्यावर गाडीच्या वर फूट-दीड फुटावर ताणायची, मधून वारा खेळला पाहिजे. चालत्या गाडीला हे जमत नाही, काढून ठेवावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच, गाडी एका जागी उभी असली पाहिजे. खिडकीला वाळ्याचा पडदा आणि छोटा कूलर. सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे मे महिन्यात कूलर छान चालतो; जूनमध्ये ढग आले की नुसती चिकचिक.

कूलर चालायचा कशावर? 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर 1.8 युनिट, पण निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, म्हणजे हातात 0.9 युनिट. बारा व्होल्टचा छोटा कूलर रात्रभरात अर्धा युनिट खातो. पंखा, दोन दिवे, मोबाइल-लॅपटॉप मिळून आणखी युनिटचा तिसरा हिस्सा. बसतं, पण अगदी काठोकाठ. एसीचा विचार सोडा; एक टनाचा एसी तासाभरात ही सगळी पुंजी संपवतो. 330 वॅटचं पॅनेल उन्हाळ्यात दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देतं. अडचण अशी की पॅनेलला ऊन पाहिजे आणि तुम्हाला सावली. कडुनिंबाखाली पॅनेल उपाशी, उन्हात तुम्ही भाजून निघता. त्यातल्या त्यात मधला मार्ग म्हणजे पॅनेल टपाला चिकटवायचं नाही, सहा इंच उचलून बसवायचं, म्हणजे तेच टपावर सावली धरतं. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ती पलंगाखाली ठेवू नका. बाहेरच्या पेटीत, जाळी मारून.

पाणी. खोलीतल्या माणसालाही सोलापुरात नळ चार-पाच दिवसांआड येतो, पण त्याच्याकडे टाकी असते, बॅरल असतं, शेजारीण असते. गाडीत शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, आणि ती एका माणसाला काटकसरीने तीन दिवस. 2016 ला सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या पातळीच्या खाली होतं, तेव्हा वखारीतला नळ पंधरवड्याने एकदा सुस्कारा टाकायचा. मी 20 लिटरच्या जारवर राहिलो आणि अंघोळ एका तालमीत करायचो. वस्ताद भला माणूस, पण दोन महिन्यांनी म्हणाला, 'नुसती अंघोळ करतोस, चार जोर तरी मार.' मारले.

संडासाबद्दल कुणी विचारत नाही आणि पहिल्या सकाळी सगळ्यांना तोच प्रश्न पडतो. दिवसा कारखान्यात, रात्री ढाब्यावर, असं म्हणणं सोपं आहे. पोट बिघडलं की पहाटे तीनला कुठे? घट्ट झाकणाची बादली, आत पिशवी आणि लाकडाचा भुसा. वखारीत भुशाला तोटा नव्हता. ती रिकामी करायची ती सार्वजनिक शौचालयात, नाल्यात नाही.

स्वयंपाक गाडीत जितका कमी तितका बरा. पाच किलोचा सिलिंडर घेतलात तर तो बाहेरच्या कप्प्यात, आणि शेगडीजवळ तळाला जमिनीलगत जाळीचं भोक पाडून घ्या, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग नाही. थंडीत कोळशाची शेगडी आत घेऊन झोपायचं नाही, आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस झोपेतच जातो. ट्रॅव्हलरचं मागचं आपत्कालीन दार पलंगाने बुजवू नका. दोन वाटा असल्याच पाहिजेत. बाकी माझा आठवडा कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांद्यावर जायचा. फ्रिज नाही, चूल नाही, आणि कडक भाकरी पंधरा दिवस हूं की चूं करत नाही. गाडीत राहणाऱ्यासाठीच कुणीतरी शोधून काढली असावी.

कायद्याचं सांगतो, कारण शेवटी काम माझ्याच शेडमध्ये येतं आणि शिव्यापण मीच खातो. तुमची ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीची असणार, प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली. सीट काढल्या, आत ओटा जोडला की आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी झाली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हेच अडवतं, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं मानक आहे. आरटीओतून आधी लेखी परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद, हा क्रम. 'करून टाका हो, कोण बघतंय' म्हणणारा फिटर अपघातानंतर विम्याच्या ऑफिसात तुमच्याबरोबर येत नाही. आणि 2013 ची गाडी 2028 ला पंधरा वर्षांची होईल. तिथून फिटनेसची फी एकदम चढते आणि विकायला गेलात तर भंगारवालाच भाव सांगतो.

पत्त्याची तुम्हाला काळजी नको, आधार-रेशन गावचं राहू द्या, बँकेलाही तोच पत्ता. मतदानाचं म्हणाल तर बेघर माणसालाही नाव नोंदवता येतं. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो.

मग गाडीत राहणं जमतं कुणाला? ज्याची कमाईच गाडीबरोबर फिरते त्याला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर खेळणी-पाळणेवाले येतात, त्यांची अख्खी कुटुंबं ट्रकच्या हौद्यात राहतात. पुढच्या गावी पुढची यात्रा. हार्वेस्टरवाले, टॉवर दुरुस्तीवाले तसेच. आणि आषाढीला ज्ञानोबांची पालखी धर्मपुरीत आपल्या जिल्ह्यात शिरते तेव्हा मागून येणारे दिंड्यांचे ट्रक बघा. तळाला धान्याची पोती आणि भांडी, वर तंबू, फाळक्याला लटकवलेल्या बादल्या, मागे पाण्याचा टँकर. कुठली वस्तू कुठे ठेवली की अंधारातही हाताला लागते, हे मी कुठल्या पुस्तकातून नाही, एका दिंडीच्या ट्रक ड्रायव्हरकडून शिकलो. पण तो तीन आठवड्यांनी घरी जातो. तुम्ही रोज एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला जाणार. तुमची गाडी चालणार नाही, नुसती उभी राहणार. आणि उभ्या गाडीपेक्षा पत्र्याची खोली स्वस्तही पडते आणि थंडही.

माझं म्हणणं विचाराल तर ते दोन लाख मोडू नका. चिंचोळी किंवा पाकणीच्या बाजूला गावात खोली बघा, डिझेल-पेट्रोलचे वाचतील. एखादा सहकारी बरोबर घेतलात तर भाडं निम्मं. वर्षाचे 2,28,000 म्हणजे तुम्ही पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 च्या तीन लाखांच्या मर्यादेत बसता. कुटुंबाच्या नावावर देशात कुठे पक्कं घर नसावं ही अट. गावचं घर कुणाच्या नावावर आहे ते उताऱ्यावर बघा. म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडतही आपल्या जिल्ह्याला लागू आहे, अर्ज टाकत राहा. लांबचं वाटतं, मला कळतं. पण कुंभारीला जाऊन या एकदा. विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरं 2006 ला झाली, मग रे नगर, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या. तुमच्यापेक्षा कितीतरी कमी मिळवणाऱ्या बायका. वर्षानुवर्षं मोर्चे काढले, लाल झेंडा धरून कलेक्टर कचेरीसमोर उन्हात बसल्या. गाडीत शिरणं हा त्या मानाने एकट्याचा उपाय आहे. म्हणूनच तो मोहात पाडतो. कुणाला विचारावं लागत नाही.

एवढं वाचूनही मन मानत नसेल तर विकत घेऊ नका, आधी एप्रिलच्या शेवटी कुणाची तरी उभी ट्रॅव्हलर दहा रात्रींसाठी मागून घ्या. ओळखीच्या शाळेची असते, सुट्टीत रिकामीच असते. झोपा, तिथूनच कामाला जा, तिथेच परत या. दहाव्या रात्रीही आतच झोपलेले असाल, टपावर नाही, तर मला लिहा, मी पलंगाचं मोजमाप घेतो.

आणि ती 2013 ची बघायला पुन्हा जाल तेव्हा रंग बघू नका. मागच्या चाकांच्या वरचा पत्रा आतल्या बाजूने बोटाने दाबा, दबला तर खाली गंज आहे. पायदानाखालचं चॅनेल हातोडीच्या दांड्याने ठोका. बद्द आवाज आला तर नुसता भराव आणि रंग. स्प्रिंगच्या पाट्यांच्या क्लिप बघा, चॅसिस नंबर आरसीशी ताडून बघा, फायनान्सचा बोजा उतरलाय का ते बघा, आणि तोवर बयाणा देऊ नका. मालक म्हणतो ना, अजून दोघं जण बघून गेलेत? गेली तीस वर्षं सोलापुरातली प्रत्येक जुनी गाडी तेच दोघं बघून जातात.